वीज तयार आहे, पण लाइन कुठाय?

मराठवाड्यात माझ्या मामाच्या शेतात एका सकाळी लाल रंग फासलेली खुंटी दिसली. कुणी ठोकली, कधी ठोकली, घरात कुणालाच पत्ता नाही. बांधापलीकडच्या रानात तशीच दुसरी, ओढ्याच्या अंगाला तिसरी. मामानं एक डोळा मिटून तिन्ही खुंट्या एका रेषेत धरल्या आणि म्हणाला, "लाइन यायलीय आपल्या रानातून." पुढची दोन-अडीच वर्षं त्या घरात दुसरा विषय नव्हता.

मला मात्र तेव्हापासून एक नाद लागला. अमुक हजार मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाल्याची बातमी आली, की ती वीज कुठल्या वाटेनं निघणार ते मी शोधत बसतो. बातमीत ते बहुतेक वेळा नसतंच. फोटोत निळ्या पॅनेलच्या रांगा असतात, फीत कापणारे मंत्री असतात. तारा नसतात.

कोळशाचं एक बरं असतं, तो मालगाडीत भरता येतो. खाण विदर्भात असो की छत्तीसगडात, कोळसा रेल्वेनं आणून नाशिकजवळ एकलहऱ्याला जाळता येतो. म्हणजे वीज जिथं लागते त्याच्या आसपास केंद्र बांधता येतं. ऊन आणि वारा असा पोत्यात भरून आणता येत नाही. जिथं आहे तिथंच त्याची वीज करायची आणि मग ती वीज तारेनं आणायची. ही अडचण नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांना १९१५ मध्ये घाटातल्या पाण्याची वीज मिळाली, तीही अशीच. लोणावळ्याच्या बाजूचं पाणी खोपोलीला खाली सोडून टाटांनी वीज केली आणि सुमारे एक लाख व्होल्टच्या तारांवरून साधारण ७० किलोमीटर लांब परळपर्यंत नेली. पाणी खोपोलीला, गिरण्या परळला आणि मध्ये तारा. आजचं कोडं तेच आहे, अंतरं तेवढी वाढलीत.

किती वाढलीत ते बघा. गुजरातेत कच्छच्या रणाजवळ खावडा इथं सुमारे ७२,६०० हेक्टरवर ३० हजार मेगावॉटचं सौर आणि पवनऊर्जा केंद्र उभं राहतंय. राजस्थानात भडला इथं २,२४५ मेगावॉटचा सौर पार्क केव्हाच चालू झालाय. दोन्ही ठिकाणी ऊन भरपूर, जमीन स्वस्त आणि माणसं विरळ. माणसं विरळ म्हणजे गिऱ्हाईकही विरळ. तिथं तयार झालेली वीज तिथं खपणार नाही, ती पुणे, चेन्नई, हैदराबाद, दिल्ली इथं न्यायला हवी.

आता तारेतून वीज नेताना नेमकं काय अडतं? घरी गिझर अर्धा तास चालू ठेवा आणि मग पिनला हात लावा, गरम लागेल. मोबाइलच्या चार्जरची पिन गार असते. तारेला तापवतो तो करंट, आणि तापणं म्हणजे वीज वाटेत वाया जाणं. त्यातही करंट दुप्पट झाला तर तापणं दुप्पट होत नाही, चौपट होतं. पण तेवढीच वीज दुप्पट व्होल्टेजनं पाठवली तर करंट निम्मा लागतो आणि नुकसान एकचतुर्थांशावर येतं. व्होल्टेज दहापट केलं तर नुकसान शंभरावा हिस्सा. एवढ्या एका हिशोबावर सगळी पारेषणाची, म्हणजे वीज लांब नेण्याची, दुनिया उभी आहे. गावातल्या खांबावर ११ हजार व्होल्ट, तालुक्याच्या उपकेंद्राला ३३ किंवा १३२ हजार, आणि रानातून जाणाऱ्या धिप्पाड टॉवरवर २ लाख २०, ४ लाख किंवा ७ लाख ६५ हजार. लाइनवरची माणसं हजार व्होल्टला केव्ही म्हणतात, म्हणजे २२०, ४००, ७६५.

पॅनेलमधून निघालेली वीज एकदम या मोठ्या लाइनवर चढत नाही. आधी प्रकल्पाच्या आवारात ती गोळा होते, मग २२० केव्हीच्या लाइननं पूलिंग स्टेशनला जाते. दूधसंकलन केंद्रासारखंच हे. दहा ठिकाणचं दूध एका टाकीत आणि टँकर तिथून पुढं. धाराशिव जिल्ह्यात कळंबजवळ वाऱ्याच्या विजेसाठी असंच ४०० केव्हीचं उपकेंद्र झालं. तिथं नवी लांबलचक लाइन ओढावी लागली नाही. परळीहून पुण्याकडे जाणारी ४०० केव्हीची लाइन मध्येच तोडून उपकेंद्राच्या आत घेतली आणि परत बाहेर काढून जोडली. शक्य असेल तिथं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पण खावड्याशेजारी तोडायला लाइनच नव्हती.

तिथं नवीनच ओढायची म्हटल्यावर एसी (सारखी दिशा बदलत वाहणारी वीज) की डीसी (एकाच दिशेनं वाहणारी) हा प्रश्न येतो. आपलं सगळं ग्रीड, म्हणजे देशभरचं तारांचं जाळं, एसीवर चालतं. शेतात पाणी मोकळं सोडलं की ते वाट मिळेल तिकडे पसरतं, एसी ग्रीडमधली वीज तशीच वागते. खावड्याची वीज नागपूरलाच जावी असं आपण ठरवलं तरी ती सगळ्या उपलब्ध तारांमधून आपापल्या सोयीनं वाटली जाते, आणि वाटेतली एखादी जुनी बारीक लाइन उगाच भरून वाहते. लांबची एसी लाइन स्वतःलाच चार्ज करण्यात बरीच ताकद घालवते, ते वेगळं. डीसी लाइन म्हणजे पाइपलाइन, आणि कॉक आपल्या हातात. किती वीज, कुठून कुठं, हे बटणावर ठरतं. तीन तारांऐवजी दोनच पुरतात, टॉवर सडपातळ होतात. खर्च आहे तो एसीची डीसी आणि डीसीची परत एसी करणाऱ्या दोन टोकांच्या कन्व्हर्टर स्टेशनांचा, तो अवाढव्य असतो. म्हणून साधारण सहा-सातशे किलोमीटरच्या पुढेच डीसी परवडते.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची ५०० केव्हीची डीसी लाइन १९९९ पासून चालू आहे. विदर्भातला कोळसा विदर्भातच जाळायचा आणि १,५०० मेगावॉट वीज थेट मुंबईच्या दारात उतरवायची, असा तो बेत होता. खावड्याहून नागपूरला जी नवी डीसी लाइन ठरली आहे तिचा पल्ला सुमारे १,२०० किलोमीटर, व्होल्टेज ८०० केव्ही आणि क्षमता ६,००० मेगावॉट. नागपूरच का? नागपूरला एवढी वीज लागते म्हणून नव्हे. वर्ध्याहून निजामाबादमार्गे हैदराबादकडे ७६५ केव्हीची लाइन जाते, त्यामुळे हा भाग विजेचं जंक्शनच आहे. कच्छचं ऊन इथं गाडी बदलून दक्षिणेकडे जाणार.

अशा लाइनखालच्या गावांचं एक दुखणं असतं आणि ते खोटं नाही. "आमच्या डोक्यावरून हजारो मेगावॉट जाते आणि आमची मोटर रात्री दोनला चालू होते." ७६५ किंवा ८०० केव्हीच्या तारेवरून वाटेत गावाला वीज काढून देता येत नाही, त्यासाठी शेकडो कोटींचं उपकेंद्र लागतं. एक्स्प्रेस गाडी हॉल्ट स्टेशनावर थांबत नाही, तसंच.

आता खरी गोम. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. जमीन एका जागी, काम सारखंच, पॅनेल येतील तशी बसवत जायची. लाइनला कागदावर दोन-तीन वर्षं दिलेली असतात आणि प्रत्यक्षात चार-पाच लागतात. त्याहून महत्त्वाचं असं, की सौर प्रकल्प नव्वद टक्के झाला तर नव्वद टक्के वीज मिळते. लाइनचे नव्याण्णव टक्के टॉवर उभे राहिले तरी मिळणारी वीज शून्य. दोन टॉवरमध्ये साधारण ४०० मीटर अंतर धरलं तर १,२०० किलोमीटरला तीन हजार टॉवर होतात. तीन हजार शेतं आली, आणि प्रत्येक शेतामागं एक घर. त्यातल्या एका घरानं नाही म्हटलं की बाकीचे दोन हजार नऊशे नव्याण्णव टॉवर नुसते पक्षी बसायला.

याचं फळ राजस्थानात दिसलं. २०२५ मध्ये तिथले हजारो मेगावॉटचे प्रकल्प तयार होते, ऊन होतं, आणि भरदुपारी त्यांना उत्पादन थांबवायला सांगितलं जात होतं, कारण न्यायला लाइन पुरी नव्हती. त्याच वर्षी देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून इतर, स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेल्याची घोषणा झाली. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. क्षमता म्हणजे गोठ्यातल्या गाई, दूध नव्हे.

इथं वाचक विचारतील, की लाइन थोडी जास्त भरली तर काय बिघडतं? बिघडतं. जोडीतल्या दोन लाइन असतील तर त्यांतली एक अचानक बंद पडली तरी दुसरीनं सगळा भार पेलला पाहिजे, हा ग्रीड चालवण्याचा पहिला नियम. म्हणून लाइन कधीच काठोकाठ भरत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा पडघा-कळवा पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या लाइन एकामागून एक बंद पडल्या होत्या. त्याआधी ३० जुलै २०१२ ला पहाटे बीना-ग्वाल्हेर लाइन भारानं बंद पडली आणि सगळा उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रीड कोसळली, ६० कोटींवर लोकांची वीज गेली. आपलं पश्चिम ग्रीड तगलं. दक्षिण तेव्हा या एसी जाळ्यात आलेलीच नव्हती. ती ३१ डिसेंबर २०१३ ला जोडली गेली, रायचूर-सोलापूर या ७६५ केव्हीच्या लाइननं. ती लाइन नसती तर आज कच्छची वीज चेन्नईला पाठवायच्या गप्पा मारता आल्या नसत्या.

मामाच्या शेताकडे परत येतो, कारण लाइनचा वेग शेवटी तिथं ठरतो.

लाइनसाठी जमीन संपादित होत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. २००३ च्या वीज कायद्यानं लाइन बांधणाऱ्याला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देता येतात. म्हणजे इंग्रजांनी तारेचे खांब रोवायला केलेल्या कायद्यावर आज ७६५ केव्हीचे टॉवर उभे राहतात. कमीत कमी नुकसान करा, जे होईल त्याची भरपाई द्या, आणि कुणी अडवलं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जा, असा त्याचा सारांश. खांबापुरतं ते ठीक होतं. पण मोठ्या टॉवरच्या चार पायांमध्ये गुंठाभर जमीन सहज अडकते. तिथं ट्रॅक्टर वळत नाही, पेरणी हातानं करावी लागते. शिवाय तारांखालचा पट्टा असतो, ४०० केव्हीला ४६ मीटर रुंद, ७६५ च्या दुहेरी लाइनला ६७. त्यात घर बांधायचं नाही, उंच झाड ठेवायचं नाही. ऊस लावला तर लाइनखाली पाचट पेटवायचं नाही, कारण धूर आणि ज्वाळा वर गेल्या की तारेतून जमिनीकडे ठिणगी उतरते. आणि पोरीच्या लग्नाला रस्त्याकडेचे दोन गुंठे विकायला काढले की गिऱ्हाईक आधी वर बघतं.

मामाला पहिल्यांदा जी रक्कम सांगितली ती ऐकून त्यानं सर्वेवाल्यांना चहा पाजला आणि खुंटी उपटून त्यांच्या हातात दिली. मग पोलीस बंदोबस्ताची भाषा झाली, तहसीलला खेटे झाले, शेजाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त मिळाल्याची कुणकुण लागली. "लाइन थोडी तिकडून वळवा की," हे मामाचं साधं म्हणणं. वळवता येते, पण फुकट नाही. सरळ रेषेतला टॉवर तारांचं फक्त वजन पेलतो. लाइन वळली की दोन्ही बाजूंची ओढ एका अंगाला येते आणि ती ओढ सोसणारा कोनाचा टॉवर कितीतरी जड नि महाग लागतो. पुन्हा मामाच्या रानातून वळवलेली लाइन दुसऱ्या कुणाच्या तरी रानात जाणारच.

२०१५ मध्ये केंद्रानं टॉवरखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के अशी शिफारस केली होती. जून २०२४ मध्ये ती टॉवरसाठी २०० टक्के आणि ग्रामीण भागात पट्ट्यासाठी ३० टक्क्यांवर नेली. मला विचाराल तर हा बदल दहा वर्षं आधी व्हायला हवा होता. प्रकल्पाच्या एकूण खर्चात ही रक्कम फार नसते, आणि अडकलेल्या एका टॉवरपायी बंद राहणाऱ्या सौर प्रकल्पाचं रोजचं नुकसान मांडलं तर ती किरकोळ वाटते. तरी भांडण टक्क्यांपेक्षा ते टक्के कशाचे यावर जास्त असतं. रेडी रेकनरचा सरकारी दर आणि बाजारभाव यांत जमीन-अस्मानाचा फरक. मार्च २०२५ मध्ये बाजारभाव ठरवण्याबद्दल केंद्राच्या पुरवणी सूचना आल्या त्या म्हणूनच.

काम सुरू झाल्यावर मात्र बघण्यासारखं असतं. पाया भरून चार स्टब, म्हणजे टॉवरच्या पायांचे बुंधे, बसले की टॉवर उभारणारी गँग येते. देशभरात हे काम करणारी बरीच पोरं पश्चिम बंगालच्या मालदा-मुर्शिदाबादकडची. मामाच्या गोठ्याशेजारी त्यांनी ताडपत्रीचा तंबू ठोकला होता. एक उभा दांडा टॉवरलाच बांधायचा, त्याच्यावरच्या कप्पीनं वरचं लोखंड ओढायचं, जोडायचं, मग दांडा आणखी वर सरकवायचा. टॉवर स्वतःच्याच खांद्यावर चढत जातो. त्यानंतर तार ओढणं. आधी बारीक पायलट दोरी, तिच्यामागं जाड, शेवटी खरी तार, एका टोकाला ओढणारं यंत्र आणि दुसऱ्या टोकाला ताण धरणारं, म्हणजे तार जमिनीला घासत नाही. मध्ये पोलाद आणि भोवती ॲल्युमिनिअमचे पीळ. या तारांना जनावरांची नावं आहेत, त्यामुळे साइटवर "डॉग संपली, पँथर आली" असं काहीही ऐकू येतं. मोठ्या लाइनला बहुधा मूस किंवा झेब्रा वापरतात. मामाच्या नातवानं झेब्र्याला पट्टे कुठायत ते दोन दिवस शोधलं.

जनावरांवरून माळढोक आठवला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर एकेकाळी हमखास दिसायचा, आता उरलेले बहुतेक राजस्थानात, जिथं सौर प्रकल्प आहेत नेमक्या त्याच भागात. हा पक्षी जड, डोळे बाजूला, समोरचं कमी दिसतं. तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातल्या लाइन जमिनीखाली घ्यायला सांगितल्या होत्या, सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरच्या टापूत. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. ३३ केव्हीची लाइन जमिनीखाली जाते, पैसे लागतात इतकंच. ७६५ केव्ही शेकडो किलोमीटर जमिनीखालून नेणं मात्र अजून व्यवहारात बसत नाही. पैसा आणि अभियांत्रिकी दोन्ही आडवी येतात.

मग इतक्या लांबून आणायचीच कशाला? या प्रश्नाला वजन आहे. ३० जून २०२५ पर्यंत सुरू होणाऱ्या सौर आणि पवन प्रकल्पांच्या विजेला आंतरराज्य पारेषणाचं शुल्क माफ होतं, त्यानंतरच्या प्रकल्पांना ते टप्प्याटप्प्यानं लागतं. पुण्यातल्या कारखान्याला राजस्थानची वीज वाहतुकीचा खर्च न मोजता मिळत होती तेव्हा आपल्याच राज्यातल्या साक्री किंवा पाटणच्या पठाराकडे कोण बघणार? वाहतूक फुकट नव्हतीच, ती इतर ग्राहकांच्या बिलात विरघळली होती. लाइन बांधणाऱ्याला ३५ वर्षं ठरलेली रक्कम मिळते, तारेतून वीज वाहो न वाहो. आणि निव्वळ सौर प्रकल्पाची लाइन रात्री रिकामीच पडून असते. सातारा-पाटणचा वारा पावसाळ्यात जोरात असतो, ऊन तेव्हा ढगाआड. म्हणून वारा, ऊन आणि बॅटरी एकाच लाइनवर बसवणं शहाणपणाचं. दुपारची वीज बॅटरीत भरून संध्याकाळी सोडली की तीच लाइन दोन पाळ्यांत राबते.

काही विजेला तर मोठी लाइन लागतच नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाच्या उपकेंद्राशेजारीच काही मेगावॉटचा प्रकल्प बसतो आणि शेतीपंपाला दिवसा वीज देतो. पॅनेलपासून मोटरपर्यंत चार-पाच किलोमीटर, ना मालद्याची पोरं ना कन्व्हर्टर स्टेशन. पण मुंबई, पुण्याची संध्याकाळ यावर निघणार नाही, हेही तितकंच खरं. तिथं लांबची लाइन हवीच.

मामाच्या रानात आता टॉवरच्या पायांमध्ये हातानं टोकलेली तूर असते. लाइनचं त्यानं स्वतःचं एक मीटर बनवलंय. भार वाढला की तार तापते, लांबते आणि खाली लोंबते. किती खाली येऊ द्यायची याला मर्यादा आहे, ४०० केव्हीला जमिनीपासून ८.८४ मीटर. खरं तर तारेतून किती वीज न्यायची हे बऱ्याचदा या झोळावरच ठरतं. मामाला हा आकडा कुणी सांगितलेला नाही. तो बांधावर विशिष्ट जागी बसतो, पलीकडच्या लिंबाचा शेंडा आणि तार एका रेषेत धरतो. पहाटे तार शेंड्याच्या वर असते. मे महिन्यात दुपारी गेलो होतो तेव्हा तार बरीच खाली आली होती. मामानं एक डोळा मिटला, बघितलं आणि म्हणाला, "आज लोड आहे."